कुटुंबासोबत हेल्थ स्पामध्ये शनिवार-रविवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तीन पिढ्या मिळून आजवर चार वेळा हेल्थ स्पामध्ये राहून आलो. सासू-सासरे, आम्ही दोघं, एक शाळकरी मुलगा आणि आता किशोरवयात आलेली मुलगी. पहिल्या खेपेला मी घरून जितकी दमून गेले होते, त्याहून जास्त दमून परतले. चौथ्या खेपेला मात्र खरोखर विश्रांती मिळाली. या दोन खेपांमध्ये जे शिकायला मिळालं ते, आणि ओळखीचे लोक जाण्याआधी हमखास जे विचारतात त्याची उत्तरं इथे आहेत.

हेल्थ स्पा म्हणजे नेमकं काय? साध्या रिसॉर्टपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

‘स्पा’ हे बेल्जियममधल्या एका गावाचं नाव आहे. तिथल्या खनिजयुक्त झऱ्यांवर लोक शतकानुशतकं उपचारासाठी जात आले, आणि गावाचं नाव पुढे अशा सगळ्याच ठिकाणांना चिकटलं. २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या सात देशांमधल्या ११ स्पा-गावांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात हे मूळ गाव आहे, तसंच इंग्लंडमधलं बाथ आणि जर्मनीतलं बाडेन-बाडेनही आहे.

आज या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. नैसर्गिक गरम पाण्याच्या झऱ्यावर उभं असलेलं ठिकाण ही पहिली. डॉक्टर तपासून दिनक्रम ठरवतात ते उपचार केंद्र ही दुसरी. आणि तिसरी म्हणजे पूल, सौना, स्टीम आणि मसाजच्या खोल्या असलेलं निवासी ठिकाण. मुलांना घेऊन दोन दिवस जायचं असेल तर माझं मत तिसऱ्या प्रकाराच्या बाजूने आहे. उपचार केंद्रात शांतता, आहाराचं पथ्य आणि झोपेच्या वेळा काटेकोर पाळाव्या लागतात. लहान मुलांना तिथे सतत गप्प बसवावं लागतं आणि त्याचा त्रास सगळ्यांनाच होतो.

दोन दिवसांत खरंच काही फरक पडतो का?

पडतो, पण तो कशात पडतो हे आधी नीट समजून घ्या. आखडलेली मान-पाठ मोकळी होते. डोक्यातली घाईगडबड थोडी उतरते. झोप सुधारते, आणि त्यामागे शरीराचं साधं गणित आहे. गरम पाण्यात बसल्यावर त्वचेकडे रक्त धावतं. बाहेर आल्यावर तीच उष्णता तळहात-तळपायांतून निघून जाते, शरीराचं आतलं तापमान उतरतं आणि ते उतरणं हाच मेंदूला झोपेचा इशारा असतो. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. झोपण्याच्या एक ते दोन तास आधी ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याने आंघोळ केली तर झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागते, असं त्यांना आढळलं. म्हणून रात्रीचा गरम पाण्याचा टब अगदी झोपताना नको, थोडा आधी घ्या.

घामावाटे शरीरातली ‘विषद्रव्यं’ निघून जातात, असं मात्र कुणी सांगितलं तर त्यावर पैसे खर्च करू नका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात. घाम मुख्यतः पाणी आणि मीठ असतो. सौनानंतर वजनकाट्यावर जे कमी दिसतं तेही पाणीच. दोन ग्लास प्यायलात की ते परत येतं, आणि ते यायलाच हवं.

बुकिंग करण्यापूर्वी काय विचारून घ्यावं?

सगळ्यात आधी वयाची अट. कित्येक ठिकाणी सौना-स्टीमच्या भागात १६ वर्षांखालच्यांना प्रवेशच नसतो, आणि मुलांसाठी पूल दिवसातून ठरावीक तासच उघडा असतो. हे दारात कळलं की मुलांचा हिरमोड होतो आणि मोठ्यांचं भांडण. दुसरं, मुलांच्या पाण्याचं तापमान. पोहण्याच्या पुलाचं पाणी लहानग्यांना गार पडतं. त्यांना ३२ अंशांच्या आसपासचं पाणी सोसतं.

आजी-आजोबा बरोबर असतील तर पुलात उतरायला कठड्याच्या पायऱ्या आहेत की नुसती उभी शिडी, हे विचारा. खोलीपासून पुलापर्यंत किती चालावं लागतं तेही. पॅकेजमध्ये राहणं आणि पूल इतकंच आहे की मसाजही, मसाज प्रत्येकी किती मिनिटांचा, आणि कुणी आयत्या वेळी आजारी पडलं तर तारीख बदलता येते का, हे लेखी मागून घ्या. फोनवर सगळे ‘हो’ म्हणतात.

मसाजला गेल्यावर मुलं कोणाकडे ठेवायची?

माझ्या मते या पानावरचा हाच मुख्य प्रश्न आहे, पण लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात.

पहिल्या खेपेला आम्ही काहीच ठरवलं नव्हतं. ‘बघू तिथे गेल्यावर’ असं म्हणून निघालो. मग जे घरी होतं तेच तिथेही झालं. मुलाचा ओला टॉवेल मी शोधला, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ मी लक्षात ठेवली, मुलीला भूक लागली ते मला सांगितलं गेलं. माझ्या मसाजच्या वेळेला मुलगा रडत दाराशी आला आणि मी अर्ध्यातून उठले. कुणीही वाईट वागलं नव्हतं. सगळ्यांना सवयच तशी होती, आणि सवय गावाला गेली तरी आपल्याबरोबर येते. बऱ्याच घरांत एक माणूस असा असतो, बहुतेकदा आई. सुट्टीला गेल्यावरही त्या माणसाची देखभाल संपत नाही, फक्त तिची जागा बदलते.

दुसऱ्या खेपेपासून निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही कागद घेऊन बसतो. दोन दिवसांचे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यात मुलं कोणाची, हे नाव घालून लिहितो. ‘आम्ही दोघं बघू’ असं लिहायचं नाही. दोघं म्हटलं की शेवटी एकालाच बघावं लागतं. ज्याची पाळी नाही, त्याने मुलांच्या बाबतीत सल्लाही द्यायचा नाही आणि मागे वळून बघायचंही नाही. हे दुसरं मला जास्त जड गेलं. नवऱ्याने मुलाला उलटा टी-शर्ट घालून आणला तरी गप्प राहायला मी शिकले.

आजी-आजोबांना मुलं सांभाळायला ‘बरोबर घेतलं’ आहे, असं होऊ देऊ नका. त्यांचीही सुट्टी आहे. त्यांनी आपणहून एखादी संध्याकाळ मागितली तर ती द्यावी. पण ती आपण गृहीत धरू नये.

ठिकाणाची स्वतःची बालसंगोपनाची सोय असेल तर उत्तम, पण किती मुलांमागे किती माणसं असतात आणि तिथून मुलांना पाण्यात नेतात का, हे विचारल्याशिवाय सोडू नका.

लहान मुलांना गरम पाण्याच्या टबात नेता येतं का?

पाच वर्षांखालच्या मुलांना नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचाही हाच सल्ला आहे. कारण सोपं आहे. लहान मुलाचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त, त्यामुळे ते आपल्यापेक्षा फार लवकर तापतं. आपल्याला नुसतं ऊबदार वाटत असतं तेव्हा त्याचं अंग भलतंच गरम झालेलं असू शकतं. मोठ्या मुलांनाही पाच-दहा मिनिटं पुरे, डोकं पाण्याबाहेर, आणि पाणी कधीही ४० अंशांच्या वर नको. टबासाठी ही ४० अंशांची मर्यादा मोठ्यांनाही लागू आहे, वर सांगितलेल्या झोपेच्या अभ्यासातलं आंघोळीचं पाणी त्याहून गरम असलं तरी.

केस लांब असतील तर वर घट्ट बांधा, मुलींचे तर नक्कीच. टबाच्या तळाशी पाणी ओढणारी जाळी असते आणि तिच्यात केस अडकून अपघात झाले आहेत. अमेरिकेने २००७ मध्ये या जाळ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला तो अशाच अपघातांमुळे. जाळी तुटलेली किंवा सुटलेली दिसली तर त्या पाण्यात कुणीच उतरू नका आणि कर्मचाऱ्यांना लगेच सांगा.

पुलाशी जीवरक्षक असतो. मग आपण निवांत बसलो तर चालेल ना?

नाही. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, तिथे हाक कुठून मारणार? हात हलवून मदत मागणंही त्याला जमत नाही. चार-पाच मोठी माणसं काठावर बसलेली असताना हे घडतं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे.

म्हणून आमच्याकडे ‘पाण्याची पाळी’ वेगळी असते. ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाईल नाही, पुस्तक नाही, गप्पा नाहीत. वीस मिनिटांनी पाळी बदलते आणि बदलताना तोंडाने सांगायचं, ‘आता तू.’ पोहता न येणारं मूल नेहमी हाताच्या अंतरावर. दंडावर चढवायचे फुगे हे खेळणं आहे, संरक्षण नव्हे.

सौना आणि स्टीम यांत फरक काय? किती वेळ बसायचं?

सौनातली हवा कोरडी आणि फार तापलेली असते, साधारण ७० ते १०० अंश. स्टीमच्या खोलीत तापमान ४० ते ५० अंशच, पण हवा वाफेने भरलेली. ८० अंशांत माणूस कसा बसू शकतो, असं माझ्या मुलाने विचारलं होतं. हवा उष्णता फार हळू पोहोचवते. पाणी तीच उष्णता हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने पोहोचवतं. शिवाय कोरड्या हवेत घाम उडून जातो आणि अंग थंड ठेवतो. स्टीममध्ये घाम उडतच नाही, नुसता ओघळतो. त्यामुळे आकडा कमी दिसला तरी स्टीम सोपी समजू नका. दम्याच्या काही रुग्णांना वाफेत बरं वाटतं, काहींना गुदमरायला होतं. दाराजवळ बसून अंदाज घ्या.

पहिल्यांदा जात असाल तर पाच ते दहा मिनिटं पुरेत. सौनात खालच्या बाकावर बसा, वरचा बाक कितीतरी जास्त तापलेला असतो. हृदयाचे ठोके वाढतात, भरभर चालताना वाढतात तसे, आणि एका फेरीत अर्धा लिटरच्या आसपास घाम जाऊ शकतो. बाहेर येऊन थंड व्हा, पाणी प्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग वाटलं तर पुन्हा जा. दारू पिऊन कधीही जाऊ नका. दारू आणि उष्णता दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात, रक्तदाब घसरतो आणि माणूस तिथेच कोसळतो. पोट तुडुंब भरलेलं असताना नको, आणि रिकाम्या पोटीही नको.

दागिने काढून जा, धातू तापतो. आणि आत कुणी किती वेळ बसतो याची शर्यत लावू नका. फिनलंडमध्ये जेमतेम साडेपंचावन्न लाखांच्या लोकवस्तीत सुमारे तीस लाख सौना आहेत आणि तिथल्या सौना-परंपरेला युनेस्कोने २०२० मध्ये वारशाच्या यादीत घेतलं. तिथे घरोघरी शिकवलं जातं ते हेच, की नको वाटलं की उठायचं.

आजी-आजोबांना बीपी आहे. त्यांनी जायचं की नाही?

यायचं नक्की, पण कशात बसायचं ते डॉक्टरांना विचारून. औषधांनी आटोक्यात असलेला बीपी असलेले बरेच जण थोडा वेळ सौम्य उष्णता सहज सोसतात. अलीकडेच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, छातीत वारंवार दुखत असेल किंवा हृदयाची झडप गंभीरपणे अरुंद झालेली असेल तर सौना आणि गरम टब वर्ज्य.

सगळ्यात धोक्याचा क्षण उठण्याचा असतो. आमच्या पहिल्याच खेपेला सासरे गरम टबातून झटकन उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी असलेल्या एका गृहस्थांनी धरलं म्हणून निभावलं. त्या टबाला धरायला दांडी नव्हती आणि आम्ही कुणीही तिकडे पाहत नव्हतो. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पाण्याचा दाब पायांवर असतो. उभं राहिलं की दाब जातो, रक्त पायांकडे उतरतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. म्हणून आधी काठावर बसायचं, मिनिटभर पाय हलवायचे, मग कुणाचा तरी हात धरून उठायचं. आता ते स्वतःच हे सगळ्यांना समजावून सांगतात.

ज्यांना गरम काही चालत नाही त्यांनी खट्टू व्हायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकात बव्हेरियातले धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप यांनी जलोपचाराची जी पद्धत रूढ केली, तिच्यात गुडघ्यापर्यंतच्या गार पाण्यात बगळ्यासारखा एकेक पाय पूर्ण बाहेर काढत चालायचं असतं. काही ठिकाणी त्यासाठी कठडे लावलेला खास हौद असतो. आमच्याकडे आजोबा आणि नातू दोघांचंही ते सगळ्यात आवडतं काम. फक्त पायांत रक्तपुरवठा कमी असेल तर गार पाण्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

नेहमीची औषधं चालू आहेत. काही काळजी?

हो, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे आधीच पाणी कमी झालेलं असतं, त्यात घामाची भर पडते. बीटा-ब्लॉकर गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, त्यामुळे उष्णतेशी जुळवून घेणं शरीराला जड जातं. इन्सुलिन टोचलेली जागा तापली की ते रक्तात लवकर उतरतं आणि साखर अचानक खाली जाऊ शकते. इन्सुलिन पंप सौनात न्यायचा नाही. वेदनाशामक फेंटानिलचा पॅच लावलेल्या माणसाने उष्णतेच्या जवळही जाऊ नये, औषध भलत्या वेगाने शरीरात शिरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर पाणी किती गरम आहे हे पायाने बघू नका, कोपराने बघा किंवा दुसऱ्याला बघायला सांगा.

मसाजचंही तसंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोराचा मसाज नको, अंगभर काळे-निळे डाग पडतात. एकाच पोटरीला सूज, दुखणं, गरमपणा असेल तर ती शिरेतली गुठळी असू शकते. अशा पायाला मसाज करू देऊ नका, आधी डॉक्टरकडे जा. ताप, ताजी शस्त्रक्रिया, अंगावर पुरळ असेल तर मसाज पुढे ढकला. फॉर्म भरताना हे सगळं लिहा. तिथे संकोच करू नका.

मी गरोदर आहे. जाऊ का?

जा, पण सौना, स्टीम आणि गरम टब टाळा, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. आईच्या शरीराचं तापमान ३९ अंशांच्या वर जाऊन राहिलं तर बाळाच्या मज्जारज्जूच्या वाढीत दोष राहण्याचा धोका वाढतो. कोमट पूल मात्र फार सुखाचा, पाठीवरचा भार पाण्यात हलका होतो. मसाज हवा असेल तर गरोदरपणातल्या मसाजचं प्रशिक्षण घेतलेली थेरपिस्ट आहे का ते विचारा आणि आपल्या डॉक्टरांची संमती घ्या. तो कुशीवर झोपवून करतात.

मासिक पाळी त्याच दिवसांत आली तर?

टॅम्पॉन किंवा कप वापरत असाल तर पुलात जायला काहीच हरकत नाही. नको वाटत असेल तर पाठीचा किंवा पायांचा मसाज घ्या. मुलीला पहिल्यांदाच हा प्रश्न पडणार असेल तर निघण्यापूर्वी तिच्याशी एकटीशी बोला. बाकीचे तयार होऊन उभे असताना नको.

मसाजच्या खोलीत काय होतं? कपड्यांचं काय?

हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो, म्हणून सरळ उत्तर देते. थेरपिस्ट बाहेर जाते, तुम्ही तुम्हाला सोयीचे तेवढेच कपडे उतरवून चादरीखाली झोपता. ज्या भागाला मसाज चालू आहे तेवढाच भाग उघडा राहतो. अंतर्वस्त्रं ठेवायची असतील तर ठेवा. स्त्री थेरपिस्ट हवी की पुरुष, हे बुकिंगच्या वेळीच सांगता येतं. जोर कमी-जास्त हवा असेल तर लगेच सांगा, दात आवळून सोसू नका. ‘दुखलं म्हणजे गुण येतो’ हे खरं नाही. आणि काहीही खटकलं तर थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कारण सांगायची गरज नाही. तेलांत बदाम किंवा तिळासारखे घटक असतात, त्यांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

मुलांसाठीही काही ठिकाणी छोटा मसाज असतो. मुलाची स्वतःची इच्छा असेल तरच, आणि आई किंवा वडील त्याच खोलीत हवेत.

कुठली ट्रीटमेंट आधी, कुठली नंतर?

आधी उष्णता, मग स्क्रब, मग मसाज, शेवटी चेहऱ्याचं. तेलाच्या मसाजनंतर पुलात उतरू नका, निदान आंघोळ केल्याशिवाय तरी नाही. शिरोधारा, म्हणजे कपाळावर तेलाची संथ धार, घेणार असाल तर ती दिवसाच्या शेवटी ठेवा, केस तेलाने भिजतात आणि नंतर बोलावंसंही वाटत नाही. मिठाच्या स्क्रबच्या आदल्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग केलंत तर फार झोंबेल. एका दिवसात दोनपेक्षा जास्त ट्रीटमेंट्स घेऊ नका. तिसरीच्या वेळी अंगाला फक्त हात लागत असतात.

पाणी स्वच्छ आहे हे कसं ओळखायचं?

क्लोरीनचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, असा समज आहे. प्रत्यक्षात तो वास क्लोरीनचा घाम आणि लघवीशी संयोग होऊन तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. डोळे चुरचुरतात तेही त्यामुळेच. चांगल्या पाण्याला जवळजवळ वास नसतो, तळ स्पष्ट दिसतो आणि कडा बुळबुळीत नसतात. गरम टबात क्लोरीन लवकर संपतं. तिथे ते किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग) आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, ७ ते ७.८ असावा, असं सीडीसी सांगते. या तपासणीची नोंदवही दाखवा म्हणा. नीट चालवलेल्या ठिकाणी ती लगेच समोर येते.

नीट राखलेलं नसेल तर गरम टबातून स्युडोमोनास जिवाणूमुळे पुरळ येतं, पोहण्याच्या कपड्यांखाली जास्त. लीजिओनेला हा त्याहून गंभीर. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनात न्यूमोनियाची साथ आली, तिच्या तपासातून तो पहिल्यांदा ओळखला गेला. तो तुषारांतून फुप्फुसांत जातो आणि पन्नाशीच्या पुढचे, धूम्रपान करणारे, फुप्फुसांचे जुने आजार असलेले यांना जास्त धोका असतो. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप-खोकला आला तर डॉक्टरांना ‘गरम टबात बसलो होतो’ हे आवर्जून सांगा.

आपल्याकडूनही एक देणं असतं. उतरण्यापूर्वी मिनिटभर शॉवर घ्या, मुलांना तासाभराने स्वच्छतागृहात न्या, आणि जुलाब होत असलेल्या कुणालाही पाण्यात नेऊ नका. बाळांचे पोहण्याचे डायपर जंतू अडवत नाहीत. डोळ्यांतली कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा.

किशोरवयीन मुलगी म्हणते, ‘मी येणारच नाही.’ काय करू?

बहुतेकदा अडचण स्पाची नसते, सगळ्यांसमोर पोहण्याच्या कपड्यांत वावरण्याची असते. आमच्या मुलीने दोन दिवस टी-शर्ट आणि लांब शॉर्ट्समध्येच काढले आणि आम्ही एक शब्द बोललो नाही. तिथे पाण्यात असे कपडे चालतात का, एवढं आधी विचारून ठेवलं होतं. वजन, त्वचा, केस यांवर घरातल्या कुणीही त्या दोन दिवसांत बोलायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. सगळ्या कार्यक्रमात तिला ओढू नका. दिवसातली एक गोष्ट तिने निवडावी आणि बाकीच्यांनी तिच्या मागे जावं.

मोबाईल न्यायचा का?

खोलीपर्यंत. ओल्या भागात फोटो काढणं दुसऱ्यांच्या खासगीपणावर गदा आणणारं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी बंदीही असते. आम्ही पोहोचल्यावर एकच फोटो काढतो, सगळ्यांचा, अजून कोरडे असताना.

बॅगेत काय हवंच?

प्रत्येकी दोन पोहण्याचे कपडे, कारण ओला कपडा पुन्हा चढवायला मुलं कधीच तयार नसतात. न घसरणाऱ्या चपला. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पाण्याच्या बाटल्या, साधं मॉइश्चरायझर, ओल्या कपड्यांसाठी पिशवी. गंधकयुक्त झऱ्यावर जाणार असाल तर चांदी घरीच ठेवा, काळी पडते.

शेवटच्या दिवशी काय करावं?

सकाळी शेवटचं काहीतरी ‘उरकून’ घेण्याचा मोह होतो. सौना घेऊन लगेच लांब गाडी चालवू नका, झापड येते. गाडी चालवणाऱ्याने त्या सकाळी फक्त पोहावं. घरी पोहोचल्यावर ओले कपडे कोण धुणार, हे आम्ही त्याच कागदावर शेवटच्या ओळीत लिहितो. मागच्या खेपेला तिथे मुलाने आपलं नाव घातलं होतं, बाबांच्या नावाखाली, वेड्यावाकड्या अक्षरांत. मशीन त्याने स्वतः लावलं. मी तेव्हा झोपले होते.